ब्रेकपॉइंटपाशी माणूस बसवू नका

डीबगर वापरणारा विचार करत नाही, आणि डीबगरला स्क्रिप्ट लावणारा तर बघतही नाही, असं मत सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठ्या मानाने सांगितलं जातं. सांगणारी माणसं बहुधा अनुभवी असतात. कोड वाचून, दोन ठिकाणी प्रिंट लावून, कागदावर आकृत्या काढून त्यांनी खरोखर अवघड बग पकडलेले असतात. त्यामुळे एखाद्या नव्या मुलीने ब्रेकपॉइंटला आदेशांची यादी जोडलेली दिसली की ते म्हणतात, ‘हे कशाला? आधी डोकं लाव.’ डोकं लावण्याला कुणाचीच हरकत नसावी. माझी हरकत या सल्ल्याच्या परिणामाला आहे. तो ऐकून चांगली, हुशार माणसं दिवसच्या दिवस थांबलेल्या प्रोग्रामपुढे बसतात, तेच व्हेरिएबल छापून बघतात आणि तीच कळ पुन्हा दाबतात. शंभराव्यांदा कळ दाबणाऱ्या माणसाचं डोकं शाबूत राहतं, असं या सल्ल्यात गृहीत धरलेलं आहे. ते गृहीतकच चूक आहे.

वाद नेमका कशाबद्दल आहे ते आधी सांगतो. चालत्या प्रोग्रामला डीबगरने एखाद्या ओळीवर थांबवलं की साधारणपणे माणूस पुढे सरसावतो. स्टॅक बघतो, दोन-तीन किमती छापतो आणि ‘कंटिन्यू’ म्हणतो. हेच काम डीबगरला आधीच सांगून ठेवता येतं. जीडीबीमध्ये ब्रेकपॉइंट लावल्यावर ‘कमांड्स’ म्हणायचं, खाली हवे ते आदेश लिहायचे आणि ‘एंड’ म्हणायचं. पहिली ओळ ‘सायलेंट’ असली की थांबल्याची नेहमीची बडबड बंद होते, आणि शेवटची ‘कंटिन्यू’ असली की प्रोग्राम आपोआप पुढे जातो. नुसतं छापायचं असेल तर २०१२ पासून ‘डीप्रिंटएफ’ आहे. २००९ च्या ७.० आवृत्तीपासून जीडीबीच्या आत पायथॉन आहे. तिथे ब्रेकपॉइंटचा स्वतःचा क्लास लिहून, थांबायचं की नाही हे एका फंक्शनच्या उत्तरावर सोपवता येतं. एलएलडीबीत ब्रेकपॉइंटला स्क्रिप्ट जोडता येते, आणि प्रोग्राम कुठेही थांबला तरी चालणारे स्टॉप-हुक लावता येतात. व्हीएस कोडमध्ये २०१८ पासून लॉगपॉइंट आहेत. म्हणजे सोय जुनी आहे आणि सगळीकडे आहे. अडतं ते वृत्तीपाशी.

विरोधाची सर्वांत भक्कम मांडणी ब्रायन कर्निगन आणि रॉब पाइक यांची आहे, म्हणून प्रतिवादही तिचाच करायला हवा. १९९९ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रामिंग’मध्ये ते सांगतात की स्टॅक बघणं किंवा एखाददुसरी किंमत तपासणं यापलीकडे ते डीबगर फारसा वापरत नाहीत. एकेक ओळ पुढे सरकत बसण्यापेक्षा जास्त विचार करणं आणि मोक्याच्या जागी छापणारा, स्वतःला तपासणारा कोड घालणं त्यांना फायद्याचं वाटतं. पुढे ते आणखी एक कारण देतात, आणि माझ्या मते तेच खरं कारण आहे: छापणाऱ्या ओळी प्रोग्रामबरोबर राहतात, डीबगरपुढची बैठक मात्र उठलं की संपते.

हे कारण मला पूर्ण मान्य आहे. हाताने चालवलेल्या डीबगरचा खरा दोष हाच आहे. तासभर बसून माणूस काय बघत होता, कुठल्या क्रमाने, कुठे त्याचं लक्ष सुटलं, यातलं काहीच मागे राहत नाही. पण हा दोष हाताने चालवण्याचा आहे. ब्रेकपॉइंट, त्याची अट आणि त्यावरचे आदेश फाइलमध्ये लिहिले की बैठक उठून जात नाही. जीडीबीत ‘सेव्ह ब्रेकपॉइंट्स’ म्हटलं की ते सगळे फाइलमध्ये जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाच्या मशीनवर ती फाइल चालते. कर्निगन आणि पाइक यांनी जो गुण प्रिंटमध्ये पाहिला, तो इथे जसाच्या तसा मिळतो. त्यांचा आक्षेप घेऊन स्क्रिप्टविरुद्ध बोलणाऱ्यांनी तो आक्षेप शेवटपर्यंत वाचलेला नाही.

आता एक प्रसंग घेऊ, जो सी प्लस प्लसवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. एक ऑब्जेक्ट अनेकांनी धरलेला आहे आणि किती जणांनी धरलाय याचा आकडा त्याच्याच पोटात आहे. धरणारा आकडा एकने वाढवतो, सोडणारा एकने कमी करतो, आणि शून्य झाला की मेमरी परत जाते. कुणीतरी एकदा जास्त सोडतं. त्या क्षणी काहीच घडत नाही. क्रॅश बऱ्याच वेळाने होतो, भलत्याच फंक्शनमध्ये, जिथला कोड निर्दोष असतो. क्रॅशच्या स्टॅकमध्ये ज्याचा बळी गेला तो दिसतो, ज्याने घात केला तो दिसत नाही.

इथे प्रिंटवाले काय करतील? आकडा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या फंक्शनमध्ये ओळ घालतील. ती फंक्शन्स बहुधा सगळ्यांनी वापरलेल्या हेडरमध्ये असतात, म्हणजे अख्खा प्रकल्प पुन्हा बिल्ड. मग प्रोग्राममधल्या प्रत्येक ऑब्जेक्टच्या प्रत्येक हालचालीची ओळ छापली जाईल. आणि ज्या गोष्टीसाठी हे केलं ती, म्हणजे कुणी बोलावलं हे, त्या ओळीत नसेलच. ते छापायचं तर स्टॅक चालून जाणारा कोड लिहावा लागेल.

हाताने डीबगर चालवणारे आकडा कमी करणाऱ्या फंक्शनवर थांबतील आणि लाखभर वेळा थांबत राहतील.

स्क्रिप्ट लिहिणारा आधी एक प्रश्न ठरवतो: या एका ऑब्जेक्टचा आकडा कुणी कुणी हलवला? ऑब्जेक्ट तयार होतो त्या जागी तो ब्रेकपॉइंट लावतो आणि ‘इग्नोर’ने त्याला फार मोठा आकडा देतो, म्हणजे तो कधी थांबणारच नाही, फक्त मोजेल. क्रॅश झाल्यावर स्टॅकमधून ऑब्जेक्टचा पत्ता घेतो. लिनक्सवर जीडीबी पत्त्यांची सरमिसळ मुळातच बंद ठेवतो, त्यामुळे प्रोग्राम ठरावीक वाटेने चालत असेल तर पुढच्या वेळीही तोच पत्ता येतो. दुसऱ्या फेरीत निर्मितीच्या ब्रेकपॉइंटचा ‘इग्नोर’ काढून त्याला अट घालतो: पत्ता हाच असेल तरच. त्यावरच्या आदेशांत आकड्याच्या जागेवर वॉचपॉइंट लावतो, आणि वॉचपॉइंटच्या स्वतःच्या आदेशांत स्टॅकच्या वरच्या सात-आठ पायऱ्या छापून पुढे जायला सांगतो. ‘वॉच’ला ‘लोकेशन’चा पर्याय द्यायला विसरू नये. नाहीतर फंक्शन संपताच वॉचपॉइंटही जातो, कारण ज्या नावावर तो लावला ते नावच संपलेलं असतं. एक्स८६ प्रोसेसरमध्ये पत्त्यांवर लक्ष ठेवणारी चार रजिस्टर असतात. त्यातलं एक इथे पुरतं, आणि प्रोग्रामचा वेग जवळपास तसाच राहतो.

मग प्रोग्राम चालतो, क्रॅश होतो, आणि हातात एका ऑब्जेक्टचा पूर्ण जीवनक्रम असतो: आकडा आधी किती, नंतर किती, कुणी हलवला. धरणारे आणि सोडणारे जोडीने खुणा करत जायचं. ज्या सोडणाऱ्याला जोडीदार मिळत नाही तिथे बग आहे. या सगळ्यात डोकं कुठे लागलं? प्रश्न ठरवताना आणि यादी वाचताना. मधल्या वेळात त्याची गरज नव्हती, आणि नको तिथे ते खर्च झालं नाही. विचाराची जागा स्क्रिप्टने घेतली असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशी एक स्क्रिप्ट लिहून पाहावी. नेमकं काय बघायचं हे ठरल्याशिवाय तिची पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही. हाताने स्टेप मारत जाणं मात्र काहीच न ठरवता सुरू करता येतं.

दुसरा मुद्दा मला याहून निर्णायक वाटतो, आणि प्रिंटच्या बाजूने बोलणारे त्याला कधीच उत्तर देत नाहीत. प्रिंट कोडच्या आत राहतो, ब्रेकपॉइंट बाहेर. समजा, सहा महिन्यांपूर्वी चालत असलेली गोष्ट आज बिघडली आहे आणि मधे हजारेक कमिट आहेत. ‘गिट बायसेक्ट’ दर वेळी निम्मे बाद करत जातो, म्हणजे साधारण दहा चाचण्यांत दोषी कमिट सापडतं. ‘बायसेक्ट रन’ला एक प्रोग्राम दिला तर तो हे सगळं एकट्याने करतो. त्या प्रोग्रामने शून्य परत केलं तर कमिट चांगलं, एक परत केलं तर वाईट, १२५ परत केलं तर तपासता आलं नाही. पण बिघाड प्रोग्रामच्या पोटात असेल, म्हणजे उत्तर बरोबर येतंय पण एखादं फंक्शन चुकीच्या स्थितीत बोलावलं जातंय, तर बाहेरून ते कळायचं कसं? प्रिंट लावायचा तर तो प्रत्येक जुन्या कमिटवर पुन्हा लावावा लागेल, आणि जुनी फाइल वेगळी असल्याने तो पॅच कुठेतरी बसणारच नाही. जीडीबी ‘बॅच’ पद्धतीने चालवला, ब्रेकपॉइंट ओळीच्या क्रमांकाऐवजी फंक्शनच्या नावावर लावला आणि चुकीची स्थिती दिसताच ‘क्विट १’ म्हणायला सांगितलं, तर एकाही कमिटच्या कोडला हात न लावता काम होतं. आदेश देऊन संध्याकाळी घरी जाता येतं. थांबलेल्या प्रोग्रामपुढे माणूसच हवा असा आग्रह धरणाऱ्यांना ही वाट कायमची बंद आहे.

लिनस टॉरवल्ड्स यांचं नावही या वादात नेहमी येतं. २००० साली लिनक्स कर्नेलमध्ये डीबगर घेण्याच्या प्रश्नावर त्यांनी आपल्याला डीबगर आवडत नाहीत असं स्पष्ट लिहिलं होतं. डीबगर नसला की माणसं अधिक काळजीने आणि वेगळ्या पातळीवर विचार करतात, असा त्यांचा रोख होता. हे सर्वांना पाठ असतं. त्याच पत्रात त्यांनी आपण जीडीबी सतत वापरतो असंही लिहिलं आहे: डीबगर म्हणून नव्हे, तर जिला प्रोग्राम करता येतं अशी, असेंब्ली वाचून दाखवणारी जोरदार वस्तू म्हणून. प्रोग्राम करता येतं हा भाग कुणी सांगत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

आणि कर्नेलचं पुढे काय झालं? २००८ मध्ये केजीडीबी हा डीबगर मूळ कर्नेलमध्ये आला, २०१० मध्ये केडीबी. २०१५ पासून तर जीडीबीसाठी लिहिलेल्या पायथॉन स्क्रिप्ट कर्नेलच्या कोडबरोबरच येतात. त्यातली एक या लेखाचा विषयच आहे. कर्नेल चालू असताना मॉड्यूल मागाहून चढतं, त्यामुळे त्याची फंक्शन्स मेमरीत कुठे बसली हे जीडीबीला माहीत नसतं. हाताने करायचं तर प्रत्येक मॉड्यूलचे पत्ते शोधून टाइप करावे लागतात. ‘एलएक्स-सिम्बॉल्स’ ही स्क्रिप्ट मॉड्यूल सुरू होण्याच्या जागी एक मूक ब्रेकपॉइंट लावते. तिथे थांबलं की ती त्या मॉड्यूलची नावं-पत्ते भरते आणि कर्नेलला पुढे सोडते. काम करणाऱ्याला प्रोग्राम थांबल्याचं कळतही नाही. पायथॉनच्या स्वतःच्या मूळ कोडमध्ये जीडीबीसाठी अशीच मदतनीस फाइल आहे, गो भाषेच्याही आहे. हे लोक डोकं न लावणारे आहेत असं कोण म्हणेल?

आता वेगाचा आक्षेप. तो खरा आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ आदेशाच्या जागी बसवलेला सापळा. एक्स८६वर तो एका बाइटचा असतो. प्रोसेसर तिथे पोचला की कर्नेल प्रोग्राम थांबवतं, डीबगरला उठवतं, डीबगर अट तपासतो, मूळ आदेश चालवतो, सापळा पुन्हा लावतो. अट खोटी असली तरी हा सगळा फेरा होतोच. सेकंदाला लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये अटीचा ब्रेकपॉइंट लावला तर प्रोग्राम रांगतो, आणि पहिल्याच प्रयत्नात असं झालेली माणसं डीबगरला कायमची नावं ठेवतात. पण उपायही त्याच साधनात आहे. थंड, म्हणजे क्वचित चालणाऱ्या जागी एक ब्रेकपॉइंट लावावा आणि त्याच्या आदेशांत गरम, म्हणजे सतत चालणाऱ्या जागेचा ब्रेकपॉइंट चालू करावा. काम संपण्याच्या जागी तिसरा लावून तो पुन्हा बंद करावा. मग सापळा हव्या त्या क्षणापुरताच जिवंत राहतो. जीडीबीसर्व्हर वापरत असाल तर अट तिकडेच तपासायला सांगता येते आणि मधली ये-जा वाचते. हे कुणाला ठाऊक नसतं, कारण शिकवणाऱ्यांनीच ते शिकायचं टाळलेलं असतं.

थांबवल्याने थ्रेड्सची वेळ बदलते आणि बग पळून जातो, हाही आक्षेप बरोबर आहे. मात्र प्रिंटनेही वेळ बदलते. प्रिंटमध्ये लॉक असतो, बफर असतो, आणि दोन थ्रेड्सनी एकाच वेळी छापायला घेतलं की ते एकमेकांसाठी थांबतात. अनेकदा बग प्रिंट लावल्याने ‘दुरुस्त’ होतो तो यामुळेच. या अडचणीवरचं सर्वांत चांगलं उत्तर मोझिलात घडलेल्या, २०१४ मध्ये बाहेर आलेल्या ‘आरआर’ने दिलं आहे. बिघडलेली फेरी एकदा रेकॉर्ड करायची, मग तीच फेरी जीडीबीखाली हवी तितक्या वेळा, पुढे आणि मागेही चालवायची. घडून गेलेलं घडून गेलेलं आहे, म्हणून त्यावर कितीही ब्रेकपॉइंट, कितीही आदेश लावा, वेळ बदलत नाही. आरआर सगळे थ्रेड्स एकाच कोरवर चालवतो, त्यामुळे काही शर्यती रेकॉर्डच होत नाहीत. ही मर्यादा आहे. पण जे रेकॉर्ड होतं त्यावर स्वयंचलित थांबे लावणं ही आजच्या घडीला बग शोधण्याची सर्वांत समर्थ पद्धत आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

आरआर नसला तरी रेकॉर्डिंग जीडीबीतही आहे, आणि २०१५ च्या सीपीपीकॉन परिषदेत ग्रेग लॉ यांनी दाखवलेला प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. कधीतरीच पडणारा छोटा प्रोग्राम घ्यायचा. ‘मेन’वर ब्रेकपॉइंट, त्यावर आदेश: रेकॉर्ड कर, पुढे जा. बाहेर पडण्याच्या फंक्शनवर दुसरा, त्यावर आदेश: पुन्हा सुरू कर. प्रोग्राम नीट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो, प्रत्येक वेळी रेकॉर्ड होत, जोवर पडत नाही तोवर. पडला की जीडीबी तिथे थांबतो आणि त्या फेरीचा इतिहास हातात असतो. इथे माणसाला बसवून ठेवण्यात कुणाचं काय साधणार होतं?

काही जागा मात्र विरोधकांच्या आहेत आणि त्या मी त्यांना देतो. ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरला थांबे लावू नयेत. तिथे डीट्रेस किंवा ईबीपीएफसारखी न थांबवणारी साधनं आहेत. मोटर फिरवणाऱ्या कंट्रोलरवर तर फारच जपावं. पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या अनेक टीम आहेत, त्यांना हे सांगायला नको. प्रोसेसर थांबला आणि टायमर चालू राहिला तर आउटपुट चुकीच्या अवस्थेत अडकतं आणि पॉवर स्टेज जळू शकते. तिथे प्रोसेसर न थांबवता नोंद करणारी हार्डवेअर सोयच वापरावी. आणखी एक धोका आदेशांतून प्रोग्रामचंच फंक्शन बोलावण्याचा. प्रोग्राम मेमरी वाटपाच्या मधोमध, लॉक हातात घेऊन थांबलेला असेल आणि आपण मेमरी मागणारं फंक्शन बोलावलं तर सगळं कायमचं अडकतं.

प्रोग्रामची स्थिती बदलणारे आदेश हा सर्वांत नाजूक भाग. जीडीबीचं मॅन्युअलच असं उदाहरण देतं: चुकलेल्या ओळीनंतर ब्रेकपॉइंट, तिथे बरोबर किंमत भरायची आणि मूकपणे पुढे जायचं, म्हणजे पहिला बग तात्पुरता झाकून दुसरा शोधता येतो. मी हे वापरतो आणि इतरांनीही वापरावं. पण बघणारे आदेश एका फाइलमध्ये आणि बदलणारे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावेत, नाहीतर आपणच केलेला बदल प्रोग्रामचं वागणं म्हणून वाचला जातो. तसंच, काही छापलं गेलं नाही म्हणजे काही घडलं नाही असं धरू नये. लायब्ररी न चढल्याने ब्रेकपॉइंट लागलाच नसेल, किंवा कंपायलरने ते फंक्शन दुसऱ्यात विरघळवलं असेल. ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’मध्ये तो किती वेळा लागला हे दिसतं. ते आधी बघावं, निष्कर्ष नंतर काढावा. ‘कंटिन्यू’नंतर लिहिलेले आदेश जीडीबी चालवतच नाही, हेही माहीत असावं.

नव्या मुलांनी आधी हाताने शिकावं, हा शेवटचा मुद्दा. शिकावंच. एकेक ओळ पुढे जात, स्टॅक वाढताना आणि उतरताना बघत दोन-चार प्रोग्राम प्रत्येकाने पार करावेत. पण दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाने तेच करत राहावं हे त्यातून निघत नाही. आणि शिकण्याच्या बाजूनेही स्क्रिप्टच जास्त देते. मोठ्याने बग सोडवला आणि धाकट्याला नुसता पॅच दाखवला, तर शोध कसा लागला हे त्याला कधीच कळत नाही. कुठे थांबला, कुठली अट घातली, काय छापलं, काय छापायचं टाळलं, हे फाइलमध्ये असलं तर वाचता येतं, चालवता येतं, त्याच्याशी वादही घालता येतो. १९५१ मध्ये स्टॅन्ली गिल यांनी एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावरच्या चुका शोधण्याबद्दल लिहिलं, तेव्हा प्रोग्राम चालताना त्याचा माग आपोआप छापणाऱ्या रूटीन्स त्यांनी सगळ्यांनी वापराव्यात म्हणून मांडल्या होत्या. मशीनचा वेळ तेव्हा इतका महाग होता की त्यापुढे बसून एकेक आदेश बघत राहणं परवडत नव्हतं. आज मशीनचा वेळ स्वस्त आहे, माणसाचा महाग, आणि तरीही आपण माणूस बसवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती टीम चालवणाऱ्यांकडे आहे. बग बंद करताना पॅच आणि टेस्ट मागता, तशी डीबगरची फाइलही मागा. ती रिपॉझिटरीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ब्रेकपॉइंट फंक्शनच्या नावांवर असू द्या, आणि वर दोन ओळींत लिहायला लावा की ही फाइल कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती. ज्याला त्या दोन ओळी लिहिता येत नाहीत, त्याचा बग मिटला असेल पण त्याला समजलेला नाही, आणि त्याच्याशी पुन्हा बोलायला हवं.